रातची लाइट

तात्या, आपल्या विहिरीवर यंदा सोलरची मोटर बसली. सरकारनं अनुदान दिलं. सूर्य दिवसा उगवतो, हे त्यांच्या ध्यानात आलं म्हणायचं. तुमच्या वेळी शेतीची वीज बहुतेक रात्रीच यायची, त्यामुळे इंदापूर तालुक्यात कुणी कधी झोपायचं हे मुंबईत ठरायचं. तुम्ही रात्रभर उसाला पाणी देणार आणि दिवसा ओसरीवर झोपणार. आम्ही शाळेतून आलो की आई ओठांवर बोट ठेवते, "हळू बोला, तात्यांची रातची लाइट हाय." वडील म्हणजे दिवसा झोपणारा माणूस, अशीच माझी समजूत. मैत्रिणीचे वडील भरदुपारी जागे दिसले, तेव्हा मला ते आजारी वाटले होते.

माझ्या लग्नात तर तुम्ही कमालच केलीत. बारामतीचं कार्यालय, मंगलाष्टकं चाललेली, आणि तुम्ही पहिल्या रांगेत अक्षता मुठीत धरून घोरताय. मामांनी कोपरानं ढोसलं, तर डोळे न उघडताच म्हणालात, "जागाच हाय मी. चालू द्या." सगळं कार्यालय हसलं. मी अंतरपाटाआड रडले. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. आदल्या रात्री लाइट होती हे मला माहीत होतं, तरी राग आला. एक दिवस माझ्यासाठी जागं राहायचं होतंत. लग्नाच्या एकाही फोटोत तुमचे डोळे उघडे नाहीत. म्हणून तुम्ही गेल्यावर भिंतीवर लावायला ठिबक सिंचनाच्या अर्जासाठी काढलेला तुमचा फोटो मोठा करून घेतला. तो काढताना मी शेजारीच होते. इंदापूरचा फोटोवाला ओरडला, "तात्या, डोळं उघडा, न्हायतर अनुदान मिळायचं न्हाय!" तेव्हा तुम्ही असे उघडलेत, की पाहुणे अजून म्हणतात, काय करारी माणूस!

आता दादा दिवसाच पाणी देतो. थोडा ऊस मोडून त्यानं पेरू लावलाय. संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतो, त्यांच्याशी भांडतो, रात्री घरात झोपतो. वहिनीची तक्रार एवढीच, "लई घोरत्यात." त्याच्या पोरांचा मला हेवा वाटतो, तात्या.

इथवर लिहून आज माहेरी गेले, तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायला. आई म्हणाली, "वाच की. आता कुठली आलीय रातची लाइट?" कागद उघडला, घसा खाकरला, आणि घडी घालून परत पिशवीत ठेवला. खरं सांगू? दुपार होती. तुमची झोप मोडवेना.