निळी, पांढरी आणि मागची चाकं

१३ सप्टें., शुक्र.
श्रीनूनं सकाळी त्याची निळी गाडी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आणून लावली. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, जरा मायेनं बघा की." मॅडम नुसतं चिडवायला. डिप्लोमाला दोन वर्षं एका बाकावर होतो आम्ही. घरचे माग बंद पडले आणि तिसऱ्या वर्षाला तो आलाच नाही. मी शिकले, इथं लॅब सांभाळते. त्यानं अक्कलकोट रोडला गॅरेज टाकलं. निळी त्यानं अपघातातली घेतली, मागून पार चेपलेली. दोन वर्षं एकट्यानं खपून उभी केली. मागचं सगळं, क्लचसकट, त्याच्या हातचं.

गाडी ठेवून तो त्याच्या आईला, अम्माला, डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी निळी ताकद मोजायच्या रोलरवर घेतली. आमचे रोलर फक्त पुढच्या चाकांना. हिची मागची चाकं लागतील तेव्हा क्लचनं जोडली जातात. रोलरवर जोडली गेली तर गाडी उडी मारून बाहेर. म्हणून मागच्या क्लचचा फ्यूज काढून घेतला. इंजिन छान. टर्बोचा दाब एकसारखा. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं, तपासणीच्या फायली, त्यातच दुपार गेली. परत आले तर श्रीनू गाडी घेऊन गेलेला.

१५ सप्टें., रवि.
अकलूज. आत्ताच परत आले. मन लागत नाही.

बाळासाहेब, केळीच्या रोपांचे नर्सरीवाले, त्यांची पांढरी. त्यांच्या ग्रुपवर वीसेक हौशी गाडीवाले, महिनाभर एकच वाद. दोन्ही सेडान, दोन्ही दोन लिटर टर्बो, दोन्हीत चारही चाकांना ताकद. मग भारी कुठली? बाळासाहेबांचं म्हणणं, पांढरीत मधे डिफरन्शियल, चारही चाकं कायम ओढतात, खरी तीच. श्रीनूचं म्हणणं, निळी हलकी, आणि तिचा मागचा क्लच कधी पकडतो तेसुद्धा कळत नाही, इतका अलगद. आकडे मी काढायचे. निळी बरोबरीत राहिली तर ग्रुपच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला श्रीनूच्या गॅरेजला, हा बाळासाहेबांचा शब्द.

कारखाना अजून बंद, उसाच्या गाड्यांचा तळ मोकळा. ताशी शून्य ते साठ किलोमीटर. कोरड्या काँक्रीटवर पां. ३.१, नि. ४.० सेकंद. मग टँकरनं माती भिजवली. पां. ४.४. निळीची पुढची चाकं जागेवर गरागरा. ६.८. तीनदा घेतलं, तेच. डॅशवर पिवळा दिवा होता. श्रीनू म्हणाला, अपघातापासून अधूनमधून लागतो तो.

मागच्या चाकांमागे चिखल उडत नव्हता. मला दिसलं. थांबवायला हवं होतं, खाली वाकून बघायला हवं होतं. पण सगळे बघत उभे. मित्राची बाजू घेते असं कुणाला वाटू नये म्हणून…

बाळासाहेब म्हणाले, "मॅडम, लई फरक हाय की ओ. कशानं?"
मी म्हणाले, "मागचा क्लच पकडत नाही. जोडणीतला दोष असावा."
असावा. तपासलं कुठं होतं मी?
श्रीनूनं टोपी काढली, परत घातली. टेंभुर्णीला चहाला थांबलो तर गाडीतून उतरला नाही.

१६ सप्टें.
ग्रुपवर व्हिडिओ. निळी चिखलात फिरतेय, मागे माझा आवाज. "जोडणीतला दोष असावा." तेवढंच कापून टाकलंय. खाली हसण्याची चित्रं.

१९ सप्टें., गुरु.
फोन उचलत नाही म्हणून गॅरेजला गेले. निळी कोपऱ्यात, वर ताडपत्री.
"उघडून बघू या," म्हटलं.
"काय उघडायचं? सगळ्यांसमोर तूच सांगितलंस की. तू सांगितलं म्हणजे झालं."
रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. खरंच मानून बसलाय. म्हणतो, जे काम पुस्तकातनं शिकायचं ते मी अंदाजानं करत आलो.
अम्मा तिथंच होत्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. म्हणाल्या, "तू बस गं, त्याचं काय मनावर घेतीस." बसले नाही.

२३ सप्टें., सोम.
आईनं लॅबचा ॲप्रन भिजवायला घेतला आणि खिशातून काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं. "हे काय गं, निळं?"

फ्यूज. निळीच्या मागच्या क्लचचा.

मी परत लावलाच नव्हता. म्हणजे अकलूजला निळी नुसत्या पुढच्या दोन चाकांवर पळाली. पिवळा दिवा त्याचाच. श्रीनूच्या जोडणीत काही नव्हतं. दोष माझ्या खिशात होता.

आई विचारत होती, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

२४ सप्टें.
सांगायचं. आजच. कॉलेज सुटल्यावर सात रस्त्यापर्यंत गेले, तिथून घरी.

२७ सप्टें., शुक्र.
नाही सांगितलं. मुलांना शिकवताना रोज बजावते, रोलरवरून उतरवली की काढलेलं सगळं मोजून परत लावा. आज वर्गात तेच वाक्य अर्ध्यात सोडलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुढं?"
कळलं तर कॉलेजात काय म्हणतील, ग्रुपवर काय म्हणतील. श्रीनूचं काय झालं असेल, हे त्या सगळ्याच्या नंतर मनात आलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढं विसरल्याचं सोंग करता येणार नाही.

२९ सप्टें., रवि.
गेले. कोपरा रिकामा. ताडपत्री घडी करून ठेवलेली.
"विकली," म्हणाला. "परवा. विजापूरचा एकजण घेऊन गेला. दोष सांगूनच दिली."
बाळासाहेबांनी पांढरी पुण्याला पाठवली सर्व्हिसला, बाकीच्यांच्याही तिकडंच जाणार. आणि श्रीनूनं मंद्रूपला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरलीय. चौदा तारखेपासून. "तिथं डोकं लावायचं काम नाही, बरं आहे."
फ्यूज पर्समध्ये होता. तोंड उघडलं नाही. सोमवारीच बोलले असते तर निळी इथं असती.

२ ऑक्टो., बुध.
सांगितलं.
गॅरेजच्या बाहेर बाकावर बसलो होतो. फ्यूज त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं फ्यूज उलटसुलट करून बघितला.
"कधी सापडला?"
"तेवीसला."
त्यानं मनात दिवस मोजले, दिसत होतं. मग विचारलं, "म्हणजे जोडणी बरोबर होती?"
"बरोबर होती, श्रीनू."
"पुढच्या दोन चाकांवर कोरड्यात चार सेकंद आले?"
"हो."
जरासा हसला, अगदी कॉलेजातल्यासारखा. म्हणाला, "भारी गाडी होती की गं." मग उठून आत गेला. मी थांबले. बाहेर आला नाही.

४ ऑक्टो.
ग्रुपवर लिहिलं. चूक माझी, माझ्या नावानं. निळीचा निकाल रद्द धरावा, जोडणी निर्दोष. तासाभरानं बाळासाहेबांचाच फोन.
"मॅडम, एवढं शिकल्याली माणसं तुमी. फ्यूज?"
"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?
"त्या पोराला आमी नावं ठेवली की ओ." मग म्हणाले, "परत घ्या चाचणी. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत. एकदा गाड्या लागल्या की तळावर पाय ठेवायला जागा न्हाय."

८ ऑक्टो., मंगळ.
विजापूरच्या गृहस्थांचा नंबर मिळवला. मल्लिकार्जुन म्हणून आहेत, मराठी कन्नड वळणाची. म्हणाले, दिवा लागला होता, इलेक्ट्रिशियननं एक फ्यूज घातला, गाडी वाघासारखी पळते. परत द्यायची नाही. विचारलंही नव्हतं मी. पण रविवारी अकलूजला घेऊन यायला तयार. "जोडणारे ते मिस्त्री भेटतील ना? हात मिळवायचा आहे त्यांच्याशी."
श्रीनूला कळवलं. तो म्हणाला, "तू सांगितलंस, झालं. मला आता त्यात ओढू नको."
चालव म्हणत नाही, नुसता ये, म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

१३ ऑक्टो., रवि.
निम्मा तळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेला, उरलेल्या पट्ट्यात घेतलं. श्रीनू आला नाही. नऊपर्यंत वाट बघितली. निळी मल्लिकार्जुननीच चालवली.

कोरडं: पां. ३.१, नि. २.९.
ओलं: पां. ४.४, नि. ४.५.
सुटताना पांढरी आधी पकडते, तिची चारही चाकं आधीपासूनच ओढत असतात. निळीला किंचित वेळ लागतो, मग हलकी म्हणून भरून काढते. वळणावर पांढरी जास्त शांत. तीन वेळा घेतलं. या खेपेला निळीच्या मागे चिखल उडाला, बाळासाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. ते हसले, "बोलवा त्याला, माजी गाडी आता पुण्याला न्हाय, त्याच्याकडंच." मल्लिकार्जुन वाकून खालून क्लच बघत होते. सगळे खुशीत होते. मला तिथं उभं राहवेना.

श्रीनूला आकडे पाठवले. बाळासाहेब काय म्हणाले तेही. वाचलेत त्यानं, एवढं दिसतं.

घरी न जाता अक्कलकोट रोडला आले. शटर अर्धं उघडं, आत उजेड. स्कूटर समोरच्या दुकानापाशी लावून हे लिहितेय. उद्यापासून मंद्रूप. आतून लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज येतोय, थांबतोय, परत येतोय. अवजारं पेटीत भरतोय की काही जोडतोय, इथून कळत नाही.

विचारायला जाते.