आईच्या मापाचा टेबल

आंधळगाव,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. डिंपल हीस आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोलीस ट्रेनिंगमध्ये तुमचे मोबाईल काढून घेतात म्हणून आधी मी कुरकुर केली, पण आता वाटते बरंच झालं. रविवारी फोन लागला तरी तुझ्या मागे पोरींची रांग, अन् इकडे तुझे बाबा मधातच हात पुढे करतात. मनातलं सांगायला कागदच बरा.

धान कापून, चुरून घरी आलं. आता खरी गोष्ट लिहिते. माझे गुडघे फार दुखतात. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं फोटो काढून पाहिला अन् जमिनीवर बसणं एकदम बंद करा म्हणाला. मी म्हटलं, साहेब, माझं कामच जमिनीवरचं आहे. त्याला वाटलं मी झाडण्या-सारवण्याचं सांगून राहिली. ही बाई घरापुढच्या सपरीत फतकल मारून पंपाच्या जळलेल्या मोटरा भरते, हे त्याला कोण सांगणार?

बाबांचंही तुला खरं सांगते. गोळ्यांनी हाताची थरथर कमी झाली असं ते फोनवर म्हणतात, पण ती झालेली नाही. मागच्या दोन हंगामांपासून ते मोटर खोलतात, गिऱ्हाईकाशी बोलतात अन् शेवटी चालू करून पाहतात. काळी पडलेली तार उपसणं अन् नवी तांब्याची तार खाचाखाचांत बसवणं, सगळं माझ्याकडे आहे. गावाला वाटते केवळरामच भरतो. वाटू दे. पण त्यांचा टेबल त्यांच्या उंचीचा, माझ्या छातीला लागतो. पाने, बेअरिंगा कुठे ठेवल्या ते फक्त त्यांना ठाऊक. डबे एकावर एक रचलेले, अन् पाहिजे तो डबा नेमका तळाला.

बैल विकल्यापासून कोठा रिकामा पडला आहे. गोवऱ्या काढून तिथं माझ्या मापाचा टेबल अन् माझा हात पुरेल अशा फळ्या करून घ्यायच्या, असं मी ठरवलं. गोपीचंद सुताराला सांगून आली. उन्हाळी धानाची रोवणी लागायच्या आत व्हायला पाहिजे, कारण मोटरा तेव्हाच जळतात. यंदा आपण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक भंडाऱ्याला जाईल, अन् तिकडे वळलं की आपलं राहणार नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, आता ह्या वयात दुकान हलवतं काहून? तेव्हापासून जेवणापुरतं बोलून राहिले.

कानाला रुमाल बांधत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
आई


अकोला,
१ डिसेंबर २०२४

ती. स्व. आईस डिंपलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा खुशबूसाठी. खुशबू म्हणजे माझ्या शेजारच्या पलंगावरची, पवनीची. तिला विश्वासच बसत नव्हता की माझी आई मोटरा भरते. आता ती म्हणते, तुझ्या आईला आमच्या विहिरीवर पाठव.

टेबल कर. बाबा रुसले तरी कर. फक्त गोपीचंदकाकाला अंदाजानं करू देऊ नको. आमच्या शस्त्रागारात रायफली साफ करायचा टेबल आहे. तिथल्या हवालदार मॅडमनं मला उभं केलं, कोपरातून हात वाकवायला लावला आणि सांगितलं की कोपराच्या थोडं खाली टेबल आला पाहिजे, नाहीतर खांदे भरून येतात. तशीच उभी राहा आणि माप घेऊ दे. आणखी एक पाहिलं. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याचाच आकार रंगवलेला आहे. एखादं जागेवर नसलं की भिंतच चुगली करते. आपल्या घरात पकड नेहमी स्वयंपाकघरात सापडते, तेव्हा हे तुझ्या कामाचं आहे. (चकलीच्या साच्याचाही आकार काढ, तो नेहमी दुकानात सापडतो.)

माझी धाव सुधारली. उजवीकडे वळ म्हटलं की मी आताशा उजवीकडेच वळते.

बाबांचं मात्र मनाला लागलं. ते टेबलाला विरोध करून राहिले असं मला वाटत नाही गं. तू कोठ्यात गेलीस की सपरीत ते एकटे काय करतील, हे त्यांना कळून नाही राहिलं. तुला पटतं का बघ.

तुझ्या रागावण्यासकट तू मला रोज आठवतेस. असाच जीव लावत राहा.

तुझी,
डिंपल


आंधळगाव,
१५ डिसेंबर २०२४

चि. डिंपलले बाबाचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, पण ह्या वेळी लिहून राहिलो. अक्षर वाकडं दिसन. पेन बेकार आहे, अन् कागदाखाली धरायले पुठ्ठा भेटला नाही.

तुझ्या आईचा टेबल आला. दोघाजणांनी उचलून कोठ्यात ठेवला. दिसायले फक्कड, पॉलिश मारलेला, चेहरा दिसते त्यात. ती लय खूश होती. मंग तिनं त्यावर मोटर ठेवली अन् जुनी तार उपसायले जोर लावला, त टेबल झुल्यावानी हालला. खण ओढला त अर्ध्यात अडकला. गोपीचंद म्हणे, वापरून वापरून बसन जागेवर. बसत नसते. तो लग्नातले शोकेस बनवते, त्याले काय ठाऊक मोटरीचं वजन? पाय बारीक केले, पायाले पाय जोडणारी आडवी पट्टी नाही, अन् वरची फळी वल्ल्या लाकडाची. उन्हाळ्यात ती वाकून फणा काढन.

हे मी कोणाले बोललो नाही. आई किराण्याच्या दुकानात गेली तवा मी गुपचूप कोठ्यात जाऊन पाहिलं. ती आली त मी सपरीत पेपर वाचत बसलो होतो. पेपर उलटा आहे म्हणे. मी म्हणलो, जाहिरात पाहून राहिलो.

दोन दिवसांपासून ती गप आहे. रडली नाही, पण भाजीत मीठ नव्हतं. आता मी जाऊन चूक दाखवली त तिले वाटन हा खुश झाला. नाही दाखवली त रोवणी आली तोंडावर. तूच सांग काय करू. तू आता सरकारी माणूस आहेस.

माझ्या हाताची काळजी करू नको. हात बरा आहे.

आपल्या बापाले मनातून उतरू देऊ नको.

तुझा,
बाबा


अकोला,
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि मी मैदानाच्या कडेला बसून वाचलं. पेन बेकार नाही, बाबा. मला ठाऊक आहे. मी निघाली त्या दिवशी वरठीच्या स्टेशनवर तुम्ही चहा घेतला नाही, नको म्हणालात. चहा तुम्हाला कधी नको नसतो. कप हातात धरायचा नव्हता म्हणून नको म्हणालात. तेव्हा गाडी आली होती, म्हणून मी गप्प राहिली.

टेबलात काय चुकलं ते तुम्ही मला दहा ओळींत लिहिलंत. त्या दहा ओळी मला अकोल्यात काय कामाच्या? तेच आईला सांगा. ती तुमच्यावर चिडेल, भांडी आपटेल, आणि मग ऐकेल. माझ्यापेक्षा तुम्ही तिला जास्त ओळखता. तार भरायला तिचे हात आहेत, पण मोटर बिघडली कशानं हे तुमच्यासारखं कुणाला कळत नाही, हे तीच मला किती वेळा म्हणाली आहे. तुम्हाला म्हणाली नसेल, कारण आपल्या घरात असलं कुणी तोंडावर बोलत नाही.

जा ना बाबा कोठ्यात. पेपर ठेवून जा.

तुमच्या धाकात वाढली म्हणून इथला धाक काहीच वाटत नाही. लोभ आहेच, त्यात भरच पडो.

तुमची,
डिंपल


आंधळगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. डिंपल हीस अ. उ. आ.

तू बाबांना काय लिहिलंस ते त्यांनी मला दाखवलं नाही. पण पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोठ्यात त्या हलत्या टेबलाखाली लाकडाचे तुकडे सारून राहिली होती, तर हे दारात येऊन उभे. म्हणाले, पाचर मारून काही होत नाही, पायच बदलाव लागते. मी म्हटलं, दोन आठवडे काहून तोंड शिवलं होतं? ते म्हणाले, तू विचारलं काहून नाही? मग जे भांडण झालं ते शेजारच्या गल्लीपर्यंत गेलं असेल. पण महिनाभरानंतर आम्ही एकमेकांशी एवढं बोललो, हे मला नंतर ध्यानात आलं.

आपली बैलबंडी आठवते ना, घरामागच्या सांदवाडीत पावसात भिजत उभी होती? किती जण मागायला आले, पण हे विकायला तयार नव्हते. त्यांनी गोपीचंदला बोलावून ती मोडायला लावली. तिचे धुरे कापून टेबलाचे चार पाय केले. मुरलेलं लाकूड, करवत गरम होत होती. खालून आडव्या पट्ट्या जोडल्या, वरची फळीही बंडीच्याच पाट्यांची केली. ह्यांनी हात लावला नाही, पण प्रत्येक सांधा गोपीचंदकडून दोनदा ठोकून घेतला. तो वैतागला. जाताना मात्र म्हणाला की आता मोटरीचा टेबल करणं मला येते. पाय कापायच्या आधी ह्यांनी मला चपला काढून उभं केलं, तू सांगितलं तसं कोपराचं माप त्याच्याकडून घेतलं. मी म्हटलं, चपला घालूनच घ्या, मी काय अनवाणी काम करणार आहे? तेव्हा पुन्हा घेतलं.

फळ्यांवरून आणखी वाद. त्यांना पुन्हा डबेच पाहिजे होते. मी ऐकलं नाही. रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यापर्यंत, क्वचितच्या वर, अन् जड मोटरा खाली चाकाच्या पाटावर, म्हणजे उचलायचं कामच नाही. तारेची रिळं आडव्या पाइपावर ओवायची युक्ती त्यांची. ओढली की तार सरळ हातात येते, गुंता होत नाही. ती मला आवडली, पण लगेच म्हटलं नाही. हत्यारांचे आकार मी गेरूनं काढले. पकडीचा आकार बदकासारखा झाला आहे, हसू नको.

खिडकीपाशी एक खुर्चीही करून घेतली, दोन्ही बाजूंना रुंद फळ्या असलेली. बाबांनी विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, गिऱ्हाइकाले बसायले. आता गिऱ्हाईक उभं राहते अन् हेच तिथं बसतात. फळीवर कोपर टेकला की हात बराच शांत राहतो. मीटर लावून तपासायचं काम सगळं त्यांनी घेतलं आहे.

तब्येत सांभाळ. इकडून माया वाहतच आहे, तुझ्याकडून पाट अडवू नको.

तुझी,
आई


आंधळगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. डिंपल हीस अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं. परेडच्या तारखेचं पक्कं झालं की कळव, आम्ही दोघंही येणार.

आता ऐक. मागच्या आठवड्यात तलावाकडच्या पुंडलिकरावांची मोटर जळली, अन् धानाच्या बांधीत अर्धी रोवणी झालेली. माणूस घाबरून आला. कोठ्यात मला टेबलाशी उभी पाहून बाबांना विचारते, केवळरामभाऊ, मोटर कोण भरन? मला वाटलं हे नेहमीसारखं हसून, मीच म्हणतील. हे म्हणाले, ही भरन. मांगच्या दोन वर्षांपासून हीच भरून राहिली, तुमचीही हिनंच भरली होती. पुंडलिकराव मोटरीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं उचलून भंडाऱ्याला नेतील. मग म्हणाले, मागची त दोन वर्ष चालली, अन् मोटर ठेवून गेले.

मी उभ्यानं भरली. टेबल जागचा हलला नाही. गुडघे रात्री दुखले, पण पूर्वीसारखे नाही. बाबांनी मीटर लावला, स्क्रूड्रायव्हरचा मुठा कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकला, अन् मान हलवली.

पण विहिरीवर जाऊन मोटर बसवायची कोणी? आजवर हेच जायचे. यंदा स्टार्टरच्या बारीक स्क्रूत तार धरणं त्यांना जमणार नव्हतं. ते म्हणाले, चाल. आम्ही दोघं पुंडलिकरावांच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो. डिंपल, एवढ्या मोटरा भरल्या, पण त्यातली एकही शेतात चालताना मी पाहिली नव्हती. सपरीतून गेली की माझ्यासाठी ती संपायची.

मी तारा जोडल्या, बटण दाबलं. मोटर फिरली, आवाजही चांगला, पण पाइपातून पाणी आलं ते नळासारखं बारीक. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून पाहून राहिल्या होत्या. पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. मी बाबांकडे पाहिलं, तर हे तलावावरचे बगळे मोजून राहिलेले. तेव्हा मला समजलं की ह्यांना माहीत आहे, अन् सांगणार नाहीत, मलाच शोधू देतील. मग मीच मन शांत करून विचार केला. मोटर चांगली, आवाज चांगला, पाणी कमी. उलटी फिरून राहिली. बटण बंद केलं, तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा चालू केली.

पाइप असा उसळला की पुंडलिकराव भिजले. पाणी पाटातून धावत बांधीत शिरलं, अन् बाया ओरडतच परत वाकल्या. मी किती वेळ तिथं उभी होती कोण जाणे. बाबा जवळ येऊन म्हणाले, चाल, दारात दोन मोटरा येऊन पडल्या असन. मी म्हटलं, थांबा ना जी थोडं, पाहू द्या. मग तेही थांबले.

पायाला फोड आला असेल तर खोबरेल लाव. आम्हा दोघांची आठवण काढत जा, आणि आहे तशीच आमची राहा.

तुझी,
आई