निर्जन जागेतलं खरबूज

१४ मे, झाशी

वाळूच्या ठेक्याच्या फाइलीत ‘जागा निर्जन’ असं मीच लिहिलं होतं, ऑफिसात बसून. एरचला जाऊन यायला काय झालं होतं मला? आज तिथली रामकली आली. बेतवा नदीचं पाणी ओसरलं की हे केवट, म्हणजे नावाडी लोक वाळूत खरबुजं लावतात. तिथं वाळू उपसायचं मशीन उतरलं तर सगळं गेलं. पण ती भांडली नाही. टेबलावर खरबूज ठेवून म्हणाली, “दीदी, जौ तुमाई निर्जन जगा कौ है.” म्हणजे, हे माझ्याच त्या निर्जन जागेतलं.

साहेबांकडे चूक कबूल केली. चिडले, पण फाइल रोखली. उद्या पाहणीला एरचला जायचंय.

खरबूज घरी कापलं. लाज वाटावी इतकं गोड. बिया धुऊन वाळत घातल्यात, रामकलीला परत देईन. पुढच्या पेरणीला लागतील.