सात नंबरची कुपी

२ मार्च

पुन्हा तेच! हज्जी तिजानी. वय एकसष्ट, हात स्थिर, रोज पायी मासळीबाजारात जाऊन येतो. आणि वासाच्या पुस्तिकेत बारापैकी तीन! म्हणजे कागदावर हज्जी 'धोक्यात'.

पान खरवडायचं, हुंगायचं, चारातलं एक उत्तर सांगायचं. परदेशातून खोकीच्या खोकी आली आहेत. आणि वास तरी कसले? मेपलचा पाक. भोपळ्याचा केक. जिनची दारू! हज्जी म्हणाला, "अल्ला माफ करो! मला कसं कळणार, पोरी? आणि कळलं तरी बायकोसमोर सांगेन का?" बायको शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "लिहून टाक बाई. लग्नाआधी त्याला कळत होतं."

हसले, पण मग दिवसभर डोकं फिरलेलं. कंपवातात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी पुष्कळांचा वास जातो. म्हणून तर ज्या घराण्यांत हा आजार आहे, तिथली धडधाकट माणसं शोधून आम्ही त्यांना हुंगायला लावतोय. वेळेत सापडली तर उद्या औषध निघेल तेव्हा त्यांना उपयोग. पण ज्याने जन्मात मेपल पाहिला नाही त्याला मेपल ओळखता आला नाही, तर खोट नाकात की पुस्तिकेत?

४ मार्च

समुद्रापलीकडच्या, पुस्तिका पाठवणाऱ्या लोकांशी पडद्यावर बैठक. मी आकडे दाखवले.  मग एक बाई अगदी गोड आवाजात — "कदाचित तुमच्याकडचे निरोगी लोक पूर्णपणे निरोगी नसतील."

वा! सगळा ट्युनिशिया आजारी, पुस्तिका तेवढी ठणठणीत!

आणि आमचे विभागप्रमुख लमीनसर?  चष्मा पुसत बसले.

१० मार्च

सरांच्या खोलीत जाऊन भांडले. दार उघडं होतं, सगळ्या विभागाने ऐकलं. ऐकू दे.

शेवटी म्हणाले, "मग तू कर तुझी चाचणी, रौधा. आपले वास घे." दहा कुप्या. साठ निरोगी माणसं. प्रत्येक वास दहातल्या नऊ जणांना तरी ओळखता आला पाहिजे. मुदत पंधरा मे. नाही जमलं तर पुस्तिकाच कायम. "आणि मग हज्जीच्या घरी जाऊन तो धोक्यात आहे हे तूच सांगायचंस."

मी नाही सांगणार. कंपवात हा शब्द घरात शिरला की काय होतं ते मी पाहिलंय. शादलीमामाचा कप बशीवर वाजायला लागला तेव्हा आम्ही मुलं हसायचो. त्याला वाटायचं आपण हसवतोय, म्हणून तो आणखी वाजवायचा. त्याआधी वर्षभर चालताना त्याचा एक हात हलायचाच नाही, ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटी शेवटी त्याच्या सदऱ्याची बटणं आई लावायची. धाकटा भाऊ तिचा.

१६ मार्च

दहा वास ठरले. कॉफी, पुदिना, लसूण, व्हिनेगर, धने-शहाजिऱ्याची पूड, जैतुनाचं तेल, फुलपाणी, जाई, ऊद आणि फरशी पुसायचं जावेल. जावेल सोफियेनच्या हट्टामुळे. वीस वर्षं लॅबमध्ये आहे, मिशा पांढऱ्या झाल्या, हट्ट तरुण. म्हणे, "डॉक्टर, माझी सासू तिरडीवरून उठेल जावेलच्या वासाने."

सात नंबर फुलपाणी. नारिंगाच्या फुलांचं, आईने भट्टीवर काढलेलं. आमच्याकडे ते बाळाच्या कपाळाला लागतं, कॉफीत पडतं, मयताच्या घरी येणाऱ्यांच्या हातावर शिंपडतात. हा वास ओळखायला शिकावं लागत नाही. आणि आईचं फुलपाणी म्हणजे शेवटचा शब्द. आमच्या नाबूल गावच्या बायका आपापल्या बाटल्या घेऊन तिच्याकडे येतात — मोंजिया, तू हुंग आणि सांग!

गेल्या वर्षीची बाटली वापरली. वीसपैकी वीस जणांनी ओळखलं. वीस! सरांच्या टेबलावर कागद आपटून आले.

२९ मार्च

नाबूलला आईकडे. अंगणात चादरीवर फुलांचा ढीग, आई त्यात मांडी घालून बसलेली आणि तोंड आंबट. का? तर शेजारची दलेंदामावशी मुलीच्या बाळंतपणाला सूसला गेली, महिनाभर येणार नाही. "भट्टीच्या दिवसांत कोणी बाळंत होतं का?" मी म्हटलं, तुझं काय अडलंय? फुलं मी निवडून देते. नाक तर तुझंच आहे ना!

ती फुलं निवडत राहिली.

आमच्या घरी एक पद्धत आहे. भट्टीतून पहिली धार आली की ती आधी दलेंदामावशी हुंगते, मग आई, आणि मग आई निकाल देते. शेजारणीचा मान, दुसरं काय. पण बाईमाणूस एवढं चिडतं त्यावरून!

कॉफीत फुलपाणी इतकं घातलेलं की पिववेना. "आई, ही कॉफी आहे का आंघोळीचं पाणी?" तर म्हणे, "लेक चार महिन्यांनी येते. हात आखडता घेऊ का?"

या वर्षीचं ताजं पाणी पाठवते म्हणाली. तुझ्या कामाला शिळं नको.

६ एप्रिल

जैतून फुलला. माझं नाक बंद. दरवर्षीचं दुखणं. सोफियेन सगळ्यांना सांगत फिरतोय — वासाच्या डॉक्टरीणबाईंना वास येत नाही. दिव्याखाली अंधार!

१३ एप्रिल

आईची बाटली आली. वेताच्या विणीतली, बुचाला फडकं बांधलेली. नाबूलच्या बसच्या ड्रायव्हरने मांडीवर घेऊन आणली. आईने त्याला शपथ घातली होती.

सोफियेनने कुप्या भरल्या. भरता भरता थांबला. "डॉक्टर, हे जरा तळाला लागल्यासारखं वाटतंय."

"काय?"

"करपट."

मी म्हटलं, "तुमच्या सिगारेटी तुमच्या नाकाला लागल्यात. माझी आई पन्नास वर्षं हे काम करते."

त्याने बुचं लावून टाकली.

२१ एप्रिल

सात नंबर कोसळला! अठरापैकी अकरा चूक. कोणी 'ऊद' म्हणतं, कोणी 'व्हिनेगर', एकाने चारही पर्याय नाकारले आणि म्हणाला, "करपलेला भात लिही." बाकीचे नऊ वास फटाफट ओळखतात!

एक जाडजूड बाई आली होती, तिला शेवटी खरं उत्तर सांगितलं. ती खो खो हसली. "फुलपाणी? हे? अगं, ज्याने काढलं त्याला भट्टीपाशी डुलकी लागली होती!" मी दात दाखवले आणि 'चूक' लिहिलं. पेन कागदात रुतलं.

आई आणि डुलकी! भट्टी चालू असते तेव्हा ती कोणाशी बोलतसुद्धा नाही.

एक क्षण मनात आलं, ही माणसं खरंच निरोगी आहेत ना? आणि लाज वाटली. त्या गोड आवाजाची बाई हेच म्हणाली होती.

२७ एप्रिल

चाळीसपैकी सत्तावीस चूक. आज सोफियेनला सगळ्यांसमोर विचारलं, कुप्या खिडकीत ठेवल्या होत्या का? ऊन लागलं का? खरं सांगा!

त्याने कोट काढला. घडी घातली. खुर्चीवर ठेवला. "वीस वर्षांत माझ्या हातून एक नमुना खराब झालेला नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. तुम्हाला नाक नकोय, डॉक्टर, तुम्हाला होकार हवाय." आणि खालच्या रक्ततपासणी विभागात निघून गेला.

जाऊ दे. मोठा आला!

३ मे

सोफियेन वर आला नाही. पुढच्या फेरीच्या कुप्या मी भरल्या. दोन सांडल्या. नाक बंदच.

५ मे

सर म्हणाले, सात नंबर काढून टाक. नऊ कुप्यांची करू, दहा दिवस आहेत, निभेल.

मी म्हटलं, मुळीच नाही. फुलपाणी नसलेली चाचणी आमची कशी?

"रौधा, ही चाचणी आहे. नवस नाही."

बाहेर येऊन जिन्यात रडले. रागानेच. सर म्हणतात ते बरोबर असतं तेव्हा जास्त चीड येते. पण नाही काढणार. बाकीचे नऊ वास बाजारातून आणलेत, हा एक आमच्या घरातला आहे. पलीकडच्यांपुढे तो ठेवायचा होता. आईचं नाव आभारांत लिहायचं ठरवलं होतं, तिला न सांगता.

८ मे

दोन दिवस वारा समुद्राकडून आहे. सकाळी उठले तर नाक मोकळं. पावाचा वास आला, बसमध्ये लोकांचा आला!

लॅबमध्ये जाऊन पहिली कुपी उघडली ती सात नंबरची.

करपलेली. धडधडीत करपलेली. राख आणि त्याखाली कुठेतरी मेलेलं फूल. म्हटलं कुपी बिघडली असेल. आईची बाटली उघडली. तीच राख. म्हणजे ऊन नाही, सोफियेन नाही, माणसं नाहीत. नाबूलहूनच करपून आलंय!

इतका संताप आला! फुलं तळाला लागली, धूर झाला असेल, अंगण भरलं असेल त्या वासाने, आणि हिने खुशाल बाटलीत भरून बुचाला फडकं बांधलं! कोणाशी गप्पा मारत बसली होती? सत्तावीस धडधाकट माणसांपुढे मी 'चूक' लिहिलंय. एका चांगल्या माणसाला घालवलंय. हातात सात दिवस.

उद्या बाटली घेऊन जाते आणि तिच्यापुढेच ठेवते. बघू काय म्हणते.

९ मे

ठेवली.  आईने बूच काढलं, डोळे मिटले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला. म्हणाली, "सुरेख! अशी धार बऱ्याच वर्षांत आली नाही."

 तिने डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं आणि बूच सावकाश लावलं.

"बिघडलंय का गं?"

"किती वर्षं झाली, आई?"

"शादली गेला त्याच्या आदल्या हंगामापासून. दलेंदाला माहीत आहे."

"आणि मला?"

"तू सगळ्या देशाची नाकं तपासत फिरतेस. माझ्या नाकाची शपथ घेतेस लोकांपुढे. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

कॉफी करते म्हणून उठली. वास वयाने जातो, सर्दीनेही जातो — लोकांना रोज सांगते मी. ती अंगण ओलांडून गेली. चालताना डावा हात हलत होता. उजवा नुसता लोंबत होता.

सत्तावीस जणांचं नाक बरोबर होतं. चाचणी बरोबर आहे.