पारधीचा मान आणि तीस पटीची दुर्बीण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

संकल्प : यंदाच्या पारधीला दुर्बीण घ्यायची. मोठी. वाडीत आजवर कुणी डोळ्याला लावली नसेल इतक्या पटीची.

कारण लिहून ठेवतो, उद्या कुणी नाकारायला नको. रंगपंचमीला आमच्या वाडीची पारध असते. पूर्वी खरंच मारायचे. फॉरेस्टने बंदी आणली तेव्हा गावसभेत ठरलं, मारायचं नाही, नुसतं दाखवायचं. सगळी वाडी डफ वाजवत टेपावर, म्हणजे वाडीमागच्या टेकाडावर, जाते. आमच्या घरातला कर्ता पुरुष दगडावर चढतो, समोरच्या डोंगरात जनावर हेरतो आणि नाव घेऊन ओरडतो. ओरडला की पारध झाली. नारळ फुटतो, फेटा आमच्या डोक्यावर, मग जेवणं. आजोबा, त्यांच्यामागे माझे वडील आबा, आणि आबा गेल्यापासून चार वर्षं मी. ससा, ससा, भेकर, ससा. एकही वर्ष कोरडं गेलं नाही.

तरी चुलतभाऊ सुभाष काल रेशनच्या लाईनीत चारचौघांत म्हणतो, भाऊ, एकदा डोळं दाखवून या, मोतीबिंदू वाटतोय. मान हवाय त्याला. दुसरं काही नाही.

४ फेब्रुवारी

डोळे ठणठणीत आहेत. एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी माळशेज घाटात. शेवटी शेवटी लाईट ड्यूटी दिली ते राजकारण. तपासणीच्या तक्त्यावरची खालची ओळ मुद्दाम बारीक छापली होती. मी तसं लेखी दिलं. उत्तर आलं नाही, म्हणजे मुद्दा बरोबर होता.

खरी अडचण इंद्रायणी. बायको म्हणून चांगली आहे, पण पारधीला दगडाच्या डाव्या अंगाला उभी राहून पुटपुटते. अवं, करवंदीच्या जाळीपाशी बघा, ससा. मी बघतच असतो, तेवढ्यात ही बोलते. लक्ष उडतं. यंदा तिला घरी ठेवायची.

८ फेब्रुवारी, शनिवार

आळेफाट्याला गेलो. पारसच्या दुकानात घड्याळं, टॉर्च, दुर्बिणी सगळं मिळतं. पारस म्हणाला, काका, आठ पटीची घ्या, हलकी आहे, उजेड भरपूर, डोंगरात हीच चालते. आठ पट! मी काय हळदीकुंकवाला चाललोय? सगळ्यात मोठी दाखव म्हटलं. दहा पटीची निघाली.

गल्ल्यावर त्याचे वडील, चंपालाल शेट. कशाला पाहिजे, म्हणाले. बोलून गेलो, शिकारीला. झालं! शेटनी माझ्या हातातून बॉक्स काढून घेतला. आमच्या दुकानातनं जीव मारायची वस्तू जायची नाही, म्हणाले. अर्धा तास समजावलं की शेट, मारत नाही हो, नुसतं बघतो. तर म्हणतात, बघायचंच आहे तर शिकार कशाला म्हणता? याला उत्तर होतं, पण वेळेवर सुचलं नाही.

शेवटी बिलावर ‘पक्षी बघण्यासाठी’ असं लिहून घेतलं, माझी सही घेतली, तेव्हा दिली. घाटात बस चालवलेल्या माणसाच्या हाताने पक्ष्यांसाठी सही.

९ फेब्रुवारी

गोठ्यामागून डोंगर बघितला. काचेत धूर आहे. फडक्याने पुसली, मग इंद्रायणीच्या पदराने पुसली. धूर आतून आहे. इंद्रायणीने बघितलं आणि म्हणाली, मला तर देवळावरचा भोंगा दिसतोय, त्याच्यावर कावळा बसलाय. हिला दुर्बिणीतलं काय कळतं.

१५ फेब्रुवारी

दहाची बदलून वीस पटीची आणली. पारस कुरकुरत होता. म्हणे काका, पट वाढली की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते, उजेड कमी होतो, दिसायचा तुकडा लहान होतो. स्टँड लावा. आबांनी कधी स्टँड लावला होता का? आबा नुसता कपाळावर हात धरायचे आणि दोन डोंगरांपलीकडचा ससा सांगायचे.

घरी येऊन बघितलं. धूर तोच. शिवाय आता डोंगर नाचतो.

१ मार्च, शनिवार

तीस पटीची मागवली होती, आली. बॉक्सवर हरणाचं चित्र, वर इंग्रजीत हंटिंग. शेटनी हरणावर कागद चिकटवला होता, तरी शिंगं बाहेर राहिली. वजन असं की संध्याकाळपर्यंत मान आखडली.

तीन दुर्बिणी झाल्या, तिन्हीत धूर. कंपन्यांचा दर्जाच घसरलाय सगळा. पण आता माघार नाही.

९ मार्च, सकाळी ७

सराव. अकरा जनावरं हेरली. पैकी नऊ म्हशी निघाल्या, एक सुभाष. अकरावं काय होतं ते ठरलं नाही. सुधारणा आहे.

इंद्रायणीला आज स्पष्ट सांगितलं, यंदा टेपावर यायचं नाही. तुझ्या बडबडीने फोकस जातो. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, अवं नगा असं करू, मी गप उभी राहीन, पण येऊ द्या. नाही म्हणजे नाही. परत दोनदा विचारलं तिने. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी होतं. बायकांना मानाचं महत्त्व कळत नाही, त्यांना गर्दी आणि जेवण दिसतं.

१९ मार्च, रंगपंचमी. घाईत लिहितो.

इतिहास घडला!

नीट लिहितो. अकराला टेपावर पोचलो. शंभरेक माणूस असेल. फॉरेस्टचा गार्ड रामनाथ पण होता, दरवर्षी येतो, कुणाकडे बंदूक-जाळं नाही ना ते बघतो आणि जेवून जातो. डफ थांबला. मी दगडावर चढलो. दुर्बीण लावली. धूर, त्यात डोंगर नाचतोय. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खाली कुणीतरी खोकलं. आमटी उतू जाते म्हणून कुणी ओरडलं. मी सवयीने डावीकडे कान दिला. तिथे कुणी नव्हतं. आता खरं लिहायला हरकत नाही, लई घाबरलो.

आणि तेवढ्यात काचेत पिवळं काहीतरी आलं. पिवळ्यावर काळे ठिपके. हलत होतं. बसलेलं, अंग चोरून. मी ओरडलो, बिबट्या!

बापरे, काय पळापळ! आजोबांच्या काळातही झाली नसेल. डफवाला डफ टाकून पळाला. आमटीचं पातेलं लाथेने आडवं झालं. नारळ फोडायला कुणी थांबलंच नाही. रामनाथ शिट्टी वाजवत सगळ्यांना खाली घेऊन आला. फेटा राहिला, पण तो काय, सन्मानाने आणून देतील.

ससा ससा म्हणून चार वर्षं काढली. तीस पट म्हणजे काय ते आज कळलं वाडीला.

२० मार्च

रामनाथने जबाब घेतला. मानाने खुर्ची दिली. अंतर विचारलं, सांगितलं अंदाजे सहाशे मीटर. ठिपके स्पष्ट दिसले का, विचारलं. म्हटलं, मोजले. एका अंगाला चौदा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. चौदा आकडा ऐकून हादरला असणार.

डोंगराची वाट बंद केली. गुरं दावणीला. सरपणाला कुणी जायचं नाही. पिंजरा आणायला माणूस गेलाय. वाडीत तोंडं फुगलेली आहेत, गवत संपत आलं म्हणतात. जिवापेक्षा गवत प्यारं!

इंद्रायणी एकदाच म्हणाली, बिबट्या कशाला म्हणालात वो. म्हटलं, होता म्हणून.

२२ मार्च, शनिवार

रामनाथ चार माणसं घेऊन त्या जागेवर गेला होता. सुभाष बरोबर होता.

ताडपत्री निघाली. पिवळी. आमचीच. दिवाळीत डोंगराकडेच्या आमच्या गवताच्या गंजीवर मीच टाकलेली, भोकं पडली होती तिथे टायरच्या ट्यूबची काळी ठिगळं मीच चिकटवलेली. सुभाषने सगळ्यांसमोर ठिगळं मोजली. दर्शनी बाजूला चौदा भरली.

म्हणजे मोजणी अचूक होती. सहाशे मीटरवरून चौदाच्या चौदा. दुर्बीण उत्तम आहे हे तरी आता मान्य करावं. कुणी करत नाही.

२३ मार्च, रविवार, रात्री

देवळात बैठक बसली. मान काढून घ्यायचा म्हणाले. तीन दिवस गुरं उपाशी राहिली, पारध अर्धी राहिली, पातेलंभर आमटी मातीत गेली, सगळं माझ्यावर. मी उभा राहिलो. म्हटलं, एक चूक धरता आणि चार वर्षं विसरता? चारही वर्षं जनावर दाखवलं की नाही? तुम्हीच म्हणालात ना, दिसलं दिसलं? सगळे खाली बघायला लागले. सुभाष म्हणाला, भाऊ, जाऊ द्या, आता उकरू नका. मी कशाला जाऊ देऊ? म्हटलं, साक्षीदार आहे माझ्याकडे. इंद्रायणीला बोलवा. देवीपुढे विचारा.

मीच बोलवलं तिला. कुणाची इच्छा नव्हती.

ती आली. देवीच्या पायावर हात ठेवला. खोटं बोलता येईना तिला. म्हणाली, चार वर्सं मी सांगायचे तसं हे वरडायचे. मी म्हटलं, बरं, पण ससा होता की नाही? तर म्हणते, न्हवता. कवाच न्हवता. डोंगरात आता काय ऱ्हायलंय? पयल्या वर्साला हे दगडावर उभे, हात लटलट कापत व्हते, पोरं भुकेनं रडत व्हती, समदी वाट बघत व्हती. म्हणून म्या ससा म्हणलं. लोकबी दिसला म्हणले.

मी सुभाषकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. रामनाथला ठाऊक होतं. रामनाथ म्हणाला, काका, सशाला रिपोर्ट लागत नाही हो, बिबट्याला लागतो. तुम्ही ससा म्हणाला असता तर आम्ही जेवून घरी गेलो असतो.

शेवटचं म्हणून मी म्हटलं, माझं सोडा, आबांची नजर तरी खरी होती. मग इंद्रायणी हळूच म्हणाली, मी लगीन होऊन आले त्याच वर्साला सासूबाईंनी मला दगडापाशी नेऊन जागा दाखवली. म्हणाल्या, माझ्यामागं तुला हितं उभं ऱ्हायाचंय.

एवढी लाज मला डोळे तपासायच्या तक्त्यापुढेसुद्धा वाटली नव्हती.

२४ मार्च, सोमवार

मान सुभाषकडे गेला.

दिवसभर घरात बसलो. इंद्रायणीवर राग काढायचा होता, पण कशाबद्दल काढायचा ते जमेना. तिने नारायणगावला डोळे तपासायला बुधवारचा नंबर लावलाय. मला विचारलंही नाही. मी नाही येणार म्हणालो. ती म्हणाली, आठची गाडी हाय.

संध्याकाळी सुभाषची बायको मंगल आली. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं. तिने इंद्रायणीला विचारलं, वैनी, आमच्या यांची नजर चांगली हाय, पण यांना खोटं बोलता येत न्हाई, तर मी कुठं उभं ऱ्हायाचं आन काय म्हणायचं? इंद्रायणीने तिला चहा केला. म्हणाली, डाव्या अंगाला, दगडाच्या एक पायरी खाली. पदर तोंडापुढं धर. डफ थांबला की मनात शंभर मोज, त्याच्या आत नको, लोकांना खरं वाटत न्हाई. आन जेवणं गार व्हायच्या आत सांग.

मंगलने दोनदा विचारून घेतलं. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मला कुणी काही विचारलं नाही.