उपासाचंच खाल्लं

माय, आज मी एका पोरीवर फार चिडले. वाशिमला नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली, तुला जाऊन बारा. ही पोरगी मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, हुशार, पहिल्या बाकावर बसणारी. वॉर्डात एका म्हातारीला ती सांगत होती, "आजी, उद्या प्रोसिजर आहे, सकाळपासून एनपीओ राहा." म्हातारीनं मान हलवली. मी पोरीला बाजूला घेऊन विचारलं, त्यांना समजलं कशावरून? "मॅडम, मान हलवली ना त्यांनी," ती म्हणाली. मग मी तिला इतकं बोलले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर त्या म्हातारीच्या खाटेवर बसून मीच सांगितलं, उद्या सकाळी पाणी नाही, चहा नाही, पान नाही, उपासाचंही काही नाही. शेवटचं मी दोनदा सांगितलं. पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली.

मान तर तूही हलवायचीस. धनजच्या शाळेत तू पोरांसाठी खिचडी रांधायचीस, मी तिथंच आठवीत होते. एकदा तपासणीला आलेले साहेब चुलीपाशी उभे राहून तुला विचारतात, "यात प्रथिनांचं प्रमाण किती ठेवता?" तुझ्या हातात मोठा झारा, कपाळावर घाम, आणि तू नुसती मान हलवतेस. मी खिडकीतून पाहतेय. मला लाज वाटली ती तुझी, साहेबांची नाही. घरी जाताना तू विचारलंस, "प्रथिनं म्हंजे काय वं?" मला ठाऊक होतं. डाळ, मटकी, शेंगदाणे, एवढंच तर सांगायचं होतं. "तुला नाही समजणार," मी म्हटलं.  संध्याकाळी भाकरी थापताना तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "मी अडाणी हाओ, बहिरी नाही. मले समजंल असं सांगून तं पाह्य कधी." पुढं मी नर्सिंगला लागले, तेव्हा तुझ्या गळ्यातले चार मणी मोडून तू मला मनगटावरचं घड्याळ घेऊन दिलंस. ते घालून मी ड्यूटीवर जायची आणि घरी येऊन तुझ्याशी अर्धं इंग्रजीत बोलायची. तुला कौतुक वाटायचं. शेजारणीला सांगायचीस, माह्या पोरीचं बोलणं मले बी समजत नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आणि मी काम करत होते त्याच दवाखान्यात तुला भरती केलं. सर्जन आठवड्यातून एकदाच बाहेरगावाहून यायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्या खाटेपाशी आले, सोबत दोघी सिस्टर होत्या. "उद्या तुझी सर्जरी आहे. एनपीओ राहायचं, ओरली काही घ्यायचं नाही," मी म्हटलं. तू विचारलंस, "म्हंजे उपास का वं?" त्या दोघी हसल्या. "हो, उपासच समज," म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले.

सकाळी वहिनीनं डबा आणला. साबुदाण्याची उसळ आणि दही. तूच सांगून मागवली होतीस. मी आले तेव्हा डब्याच्या झाकणात घासभर काढून ठेवलेली होती. "तुह्यासाठी ठेवली," म्हणालीस. तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी डबा पाहिला. "यांना खायला कोणी दिलं?" तू घाबरून उठून बसलीस. "मी काहीच नाही खाल्लं साहेब. उपासाचंच खाल्लं." ते माझ्याकडे वळले आणि मी म्हटलं, "मी सांगितलं होतं सर. ती ऐकतच नाही कुणाचं." तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, "हो साहेब, पोरीनं सांगतलं होतं. माह्यंच चुकलं."

ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. चौथ्या दिवशी तुला ताप भरला, पिशवी आतल्या आत फुटली. अकोल्याला नेईपर्यंत तू बोलत होतीस, मला जेवलीस का म्हणून विचारत होतीस. पोहोचल्यावर बोलली नाहीस. पुढं एका डॉक्टरांनी माझी समजूत घातली, त्या दिवशी ऑपरेशन झालं असतं तरी तू वाचली असतीस, असं सांगता येत नाही. असेलही. मला ते पटवून घेता येत नाही.

दादा अजून तुझ्या श्राद्धाला दरवर्षी तेच म्हणतो. "माय मोठी हट्टी. पोरगी सिस्टर असून ऐकलं नाही." वहिनी मान डोलावते. मी भाजी वाढत पुढं जाते. आज हे लिहायला बसले ते त्याला वाचून दाखवावं म्हणून, पण मी ते करणार नाही, हे मला आत्ताच कळतंय.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. तू तेव्हा चूक अंगावर घेतलीस, कारण तुला वाटलं माझी नोकरी जाईल. नोकरी जाणार नव्हती, माय. मला फक्त सगळ्यांदेखत खाली पाहायचं नव्हतं.