आमच्या घराण्याचं पान

९ जानेवारी २०१६
सुनीताचा जीन रिपोर्ट आला. (धाकटी बहीण. गेल्या वर्षी स्तनाचा कॅन्सर. आता बरी.) एका जीनमध्ये एका अक्षराचा बदल. पुढे शेरा: अर्थ अनिश्चित. बदल घातक की निरुपद्रवी, हे जगालाच अजून माहीत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून माझ्या मुलीची, अनुष्काची, तपासणी करून तूर्त उपयोग नाही. मी म्हटलं, जगाला मी कळवतो. सरकारी ऑडिटमध्ये एवढी वर्षं काय चहा प्यायला काढली? सुनीता म्हणाली, दादा, रिपोर्ट माझा आहे, धावपळ तुझी कसली?

१७ जानेवारी
वेबसाइट सापडली. अशा बदलांचे पुरावे कुणीही द्यावेत, स्वयंसेवक संपादकांनी तपासावेत, जगाला फुकट दिसावेत. आमच्या बदलाचं पान जवळजवळ कोरं. इटलीचं एक कुटुंब, ब्राझीलचं एक.
संकल्प: होळीच्या आत पानावर 'निरुपद्रवी' लिहून घेणे.

२ फेब्रुवारी
पहिला पुरावा परत. मी लिहिलं होतं, 'आमच्या घराण्यात सगळे काटक.' लिस्बनच्या संपादकबाई नम्रपणे विचारतात, काटक म्हणजे काय मोजलंत? कुणात बदल आहे आणि कुणाला आजार, एवढंच कळवा. बाईंना आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी
माझं रक्त तपासलं. माझ्यातही तोच बदल. आणि मी ठणठणीत. केस संपली. वसुंधरा म्हणाली, ठणठणीत आहात हो, पण तुम्ही बाई नाही. बायकोला पुराव्याचं शास्त्र समजावणं सोडून दिलं आहे.

६ मार्च
खारघरला मालूताईकडे. थोरली बहीण, अडुसष्ट वर्षं, साधी सर्दी नाही. हिच्यात बदल निघाला की जिंकलो. म्हणाली, रक्त घे रे बाबा, पण आधी जेवून घे.

२९ मार्च
मालूताईत बदलच नाही. जरा फसवल्यासारखं वाटलं. पण निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की. पाठवून दिलं. होळी होऊन गेली. नवा मुहूर्त: अक्षय्य तृतीया.

१० एप्रिल
तळोजाला चुलतबहीण भामाकडे. हिलाही चाळिशीत हाच आजार. कारण उघड आहे, कारखान्यांची हवा. म्हणजे हिच्यात बदल नसणार. भामा म्हणाली, दादा, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका हीच हवा खातात, मग मीच कशी सापडले? भावनेच्या भरात माणूस मुद्दा सोडून बोलतो.

२ मे
भामात बदल आहे. हवेवर दोन परिच्छेद जोडून पाठवलं. बाईंनी हवा कापली, बदल ठेवला. वंशवृक्षही काढून पाठवला: बायका गोल, पुरुष चौकोन, आजारी ते काळे. दोन्ही काळ्या गोलांत बदल आहे, पांढऱ्या गोलात नाही. मी पांढरा चौकोन. चित्र सुबक. वसुंधराला दाखवलं. तिने माझ्या चौकोनाखाली बोट ठेवलं. मी विचारलं, काय? म्हणाली, काही नाही, चालू द्या तुमचं. मग स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज मात्र आला नाही.

११ जून
अनुष्का विचारत होती, माझं रक्त कधी द्यायचं? म्हटलं, पान पूर्ण होऊ दे, घाई काय आहे. माझ्याकडे बघून हसली. आईवर गेली आहे. रक्तानेही आईवरच गेली असेल तर बरंच.

३ ऑगस्ट
पान बदललं. इटली, ब्राझील आणि आम्ही मिळून पुरेसे झालो. नवा शेरा: 'बहुधा रोगकारक.'
खाली आभार. माझं नाव. स्पेलिंगसुद्धा अचूक.

४ ऑगस्ट
पुरावा मागे घेता येतो. कारण द्यावं लागतं. कार्यालयीन भाषेत तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. शेवटी लिहिलं: मुलगी आहे.
बाईंचं उत्तर लगेच आलं. फार वाईट वाटतं म्हणाल्या. पण पुरावा खरा आहे, इतर कुटुंबांच्या मुलींसाठी तो राहायला हवा. अर्ज आणि त्यातलं कारण पानाच्या इतिहासात जमा. कुणालाही वाचता येतं. असो. इथे पनवेलमध्ये कोण वाचायला बसलंय.

७ ऑगस्ट
अनुष्का वाचते. मार्चपासून रोज ते पान उघडते म्हणे. चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, बाबा, कारण वाचलं. उद्या सकाळी रक्त द्यायला जातेय. येशील?
विचारलं, उपाशीपोटी जायचं असतं का?
म्हणाली, नाही रे, या टेस्टला खाल्लं तरी चालतं.
तरी उद्या तिच्याबरोबर निघताना मी काही खाणार नाही.